दोन पत्त्यांची माणसे : स्थलांतराच्या संकल्पनांची ओळख

भारतातले सर्वांत मोठे स्थलांतर लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर होते. २०११च्या जनगणनेत देशातले सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित म्हणून नोंदले गेले. त्यांत दोन तृतीयांशांहून अधिक स्त्रिया होत्या, आणि एकूण स्थलांतरितांपैकी निम्म्याच्या जवळपास लोकांनी सांगितलेले कारण होते विवाह. मुलगी नांदायला गेली असे आपण म्हणतो. ती स्थलांतरित झाली असे कुणाच्या मनातही येत नाही. स्थलांतरित म्हटले की आपल्याला आठवतो तो रेल्वेच्या जनरल डब्यातून उतरणारा परप्रांतीय तरुण. मोजणीत तो थोडा असून चर्चेत सगळीकडे आहे, आणि मोजणीत जी सर्वांत जास्त आहे तिची चर्चाच नाही. या विषयाची ओळख करून घ्यायची तर या तफावतीपासूनच सुरुवात केलेली बरी.

स्थलांतराच्या अभ्यासातल्या बहुतेक संकल्पना युरोप-अमेरिकेत घडल्या. गाव सोडून शहरात कायमचा गेलेला, किंवा एक देश सोडून दुसऱ्या देशात स्थायिक झालेला माणूस त्यांच्यासमोर होता. त्याचा पत्ता एकदा बदलतो आणि हिशेब मिटतो. आपल्याकडे तो असा मिटत नाही. गिरणीत तीस वर्षे काढून रेशनकार्डावरचे नाव गावीच ठेवणारा, निवृत्त झाला की कौले बदलून जुन्या घरात राहायला जाणारा कोकणी माणूस शहरात स्थायिक होता की नव्हता? दर साल सहा महिने उसाच्या फडात आणि सहा महिने बीड जिल्ह्यात राहणारी बाई कुठली रहिवासी? या पुस्तकात संकल्पना जगभरच्याच आहेत, पण त्या तपासल्या आहेत अशा दोन पत्त्यांच्या माणसांवर. माणूस कुठून कुठे गेला एवढ्याने त्याचे स्थलांतर कळत नाही. मागे त्याचे काय राहिले आणि परतीची वाट कोणाच्या हातात आहे, हे कळल्यावरच ते कळते, अशी या पुस्तकामागची भूमिका आहे.

आधी मोजणी. स्थलांतरित कोण, हे जनगणना दोन प्रश्नांनी ठरवते. तुमचा जन्म कुठे झाला, हा जुना प्रश्न. याआधी तुम्ही कुठे राहत होता, हा प्रश्न १९७१पासून जोडला गेला; कारण १९८१पासून विचारू लागले. पहिल्या प्रश्नातली गंमत आपल्याकडे घरोघरी दिसते. पहिले बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. डोहाळजेवण आटोपून सून माहेरी जाते, बाळ तिथे जन्मते आणि दोन-तीन महिन्यांचे झाले की आईबरोबर आपल्या घरी येते. जन्मस्थान एक गाव, राहते घर दुसरे. पाळण्यातून उतरण्याआधीच ते मूल कागदोपत्री स्थलांतरित झालेले असते. कारणांच्या यादीत कामधंदा, व्यापार, शिक्षण, विवाह, कुटुंबासोबत येणे यांच्या जोडीला ‘जन्मानंतर स्थलांतर’ असाही एक रकाना आहे. अशी मुले त्यात जाऊन पडतात.

कारण एकच निवडायचे असते, हीदेखील लहान गोष्ट नाही. लग्न होऊन नवऱ्याबरोबर शहरात आलेली बाई दुसऱ्या आठवड्यात धुणीभांडी करू लागते किंवा बांधकामावर जाते. नोंद होते ‘विवाह’ अशी. तिची मजुरी आकडेवारीतून निसटते आणि स्त्रिया लग्नासाठी, पुरुष कामासाठी हलतात असा सोपा निष्कर्ष तयार होतो. हद्दीचा प्रश्नही असाच आहे. कोथरूडचे बिऱ्हाड हडपसरला हलवले तर ते स्थलांतर नव्हे, कारण महापालिका एकच. पण शेजारच्या शिवेपलीकडे दोन किलोमीटरवर दिलेली मुलगी स्थलांतरित. अंतराशी या मोजणीचा संबंध नाही, प्रशासनाने आखलेल्या रेषेशी आहे.

काळाची अडचण याहून मोठी. राष्ट्रीय नमुना पाहणीने नेहमीचे राहण्याचे ठिकाण ठरवताना सहा महिन्यांची मर्यादा धरली आहे. २००७-०८च्या ६४व्या फेरीत कामासाठी एक ते सहा महिने गावाबाहेर राहिलेल्यांची अल्पकालीन स्थलांतरित म्हणून वेगळी नोंद झाली. ही मर्यादा महाराष्ट्रात कुणाच्या आयुष्याला छेद देते, ते बालाघाटच्या डोंगरभागात कळते. पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, शेजारी नगरकडचे पाथर्डी. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात राहतात. मुकादमाने उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच, पैशाची निकड असते तेव्हा वाटलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल कोयत्यावर ठरते आणि बहुतेक वेळा नवऱ्याच्या हाती पडते. अंधार असतानाच जोडी फडात शिरते. तो तोडतो, ती पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवते. दिवसाकाठी दीड-दोन टन. तोडलेला ऊस पडून राहिला की त्याचा उतारा घटतो, म्हणून गाडी रात्री दोनला आली तरी उठून भरून द्यावी लागते. आजारपणाचा दिवस म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. हंगाम सरताना उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या सालावर जाते आणि त्याच मुकादमाकडे पुन्हा जावे लागते.

या कामाची किंमत शरीराने कशी चुकवली जाते, ते २०१९ साली उघड झाले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी केली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. फडाच्या कडेला ताडपत्रीच्या कोपीत राहायचे, न्हाणीघर नाही, संडास नाही, पाळीच्या दिवसांत सुट्टी घेतली तर खाडा. स्थलांतराच्या नफ्या-तोट्याचा हिशेब मांडणारी पुस्तके प्रवासखर्च, मजुरीतला फरक, घरभाडे धरतात; हा खर्च कोणत्या रकान्यात लिहायचा, हे ती सांगत नाहीत.

आता याच लोकांची मोजणी कशी होते ते पाहा. जनगणनेचे प्रगणक २०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारी या काळात दारोदार फिरले. तेव्हा गाळप ऐन भरात असते. नियम असा की या संपूर्ण मुदतीत जो घराबाहेर आहे त्याची नोंद तो असेल तिथे व्हावी. म्हणजे प्रगणकाने फडाकडेच्या कोप्यांपर्यंत जायला हवे. तो गेला तर पाटोद्याचा माणूस सांगलीत मोजला जातो, न गेला तर कुठेच मोजला जात नाही. दोन्हीकडून त्याच्या गावाची लोकसंख्या कमी भरते, आणि पाणी, शाळा, दवाखाना यांची तरतूद तर लोकसंख्येवर ठरते. २०२१ची जनगणना लांबली. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख जाहीर झाली आहे. गाळपाचा हंगाम तेव्हाही चालूच असेल.

माणसे का हलतात, या प्रश्नाचा पहिला शिस्तशीर शोध घेणारा गृहस्थ स्वतः स्थलांतरित होता. अर्न्स्ट जॉर्ज रेव्हेनस्टाइन १८३४ मध्ये फ्रँकफुर्टला जन्मला, तरुणपणी इंग्लंडला आला आणि ब्रिटिश युद्धखात्यात नकाशाच्या कामावर लागला. ब्रिटनच्या जनगणनेचे तक्ते चाळून त्याने १८८५ आणि १८८९ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे ‘स्थलांतराचे नियम’ मांडले. बहुतेक लोक जवळच जातात. लांब जाणारे मोठ्या उद्योग-व्यापाराच्या केंद्रांकडे जातात. शहरालगतची माणसे शहरात शिरतात आणि त्यांच्या मोकळ्या झालेल्या जागी आणखी लांबची येतात, म्हणजे स्थलांतर टप्प्याटप्प्याने होते. प्रत्येक प्रवाहाबरोबर एक उलटा प्रवाह असतो. जवळच्या अंतरात स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त हलतात.

शेवटचा नियम भारताला नेमका लागू पडतो, जरी कारण वेगळे असले तरी. पण टप्प्यांचा नियम कोकणात अडखळतो. रत्नागिरी जिल्ह्यातला शेतकरी आधी तालुक्याला, मग जिल्ह्याला, मग मुंबईला असा आला नाही. तो बंदरावर बोटीत बसला आणि थेट मुंबईच्या धक्क्यावर उतरला. अंतर मैलांत मोजायचे की वाहतुकीच्या सोयीत, हा रेव्हेनस्टाइनला न पडलेला प्रश्न इथे उभा राहतो. घाटावरची कितीतरी गावे मुंबईला नकाशावर जवळ होती आणि प्रत्यक्षात लांब.

एव्हरेट ली या अमेरिकी अभ्यासकाने १९६६ मध्ये या नियमांची फेरमांडणी केली. मूळ ठिकाणची कारणे, पोचण्याच्या ठिकाणची कारणे, मधले अडथळे आणि व्यक्तीचे स्वतःचे गुणावगुण, असे चार घटक त्याने धरले. त्यातून पाठ्यपुस्तकांनी उचलले ते रेटा आणि ओढ हे दोनच. गावात दुष्काळ, शहरात रोजगार. रेटा आणि ओढ, झाले स्पष्टीकरण. पण १९७२चा दुष्काळ साऱ्या गावावर सारखाच पडला होता, मग काही घरेच का गेली? लीचे विसरले गेलेले दोन घटक, अडथळे आणि व्यक्ती, इथेच कामाला येतात. पुष्कळदा सर्वांत गरीब माणूस लांब जाऊच शकत नाही. त्याला वाटखर्च नसतो, ओळख नसते, आगाऊ पैसे देणारा नसतो.

रेटा-ओढीच्या चित्राला सर्वांत मोठा तडा दिला तो यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने, दक्षिण गुजरातेत. बार्डोलीच्या सहकारी साखर कारखान्यांभोवती हळपती शेतमजूर कामावाचून बसले होते, आणि कारखाने खानदेशातून ऊसतोड टोळ्या आणत होते. काम दाराशी असताना स्थानिकांना ते मिळत नव्हते. बाहेरून आणलेला मजूर उचलीने बांधलेला असतो, रात्री-बेरात्री हजर असतो, संध्याकाळी घरी जात नाही आणि हंगाम संपला की निघून जातो. त्याच्या गरजेइतकीच मालकाची सोयही स्थलांतर घडवते, हे ब्रेमनने १९७०च्या दशकात दाखवले. आज महाराष्ट्रातल्या वीटभट्ट्या, द्राक्षबागा, महामार्गांची कामे पाहताना हा मुद्दा हाताशी असावा.

अर्थशास्त्राने दोन गोष्टी जोडल्या. मायकेल टोडारोने १९६९ मध्ये सांगितले की खेड्यातला माणूस शहरातली आजची मजुरी पाहून येत नाही. ती मजुरी आणि ती मिळण्याची शक्यता यांचा मेळ घालून येतो. म्हणून शहरात बेकारी असतानाही लोक येत राहतात, आणि शहरात रोजगार वाढवला तर आणखी येतात. ओडेड स्टार्कने १९८०च्या दशकात त्याहून महत्त्वाचा बदल सुचवला. निर्णय एकट्या माणसाचा नसतो, घराचा असतो. पीकविमा नाही, कर्ज मिळत नाही, अशा ठिकाणी घर आपली माणसे वेगवेगळ्या जागी ठेवते. एक भाऊ शेतावर, एक गिरणीत, एक बोटीवर. एकीकडचे बुडाले तर दुसरीकडचे तारून नेईल.

स्टार्कने जे समीकरणात मांडले ते कोकणाने आधी शंभर वर्षे जगून दाखवले होते. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली. १९२१च्या जनगणनेत शहरातल्या दर शंभर माणसांपैकी ८४ जणांचा जन्म शहराबाहेरचा होता, आणि त्या गर्दीत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा फार मोठा होता. त्या साली हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे स्त्रिया होत्या, कारण बायका गावी भातशेती राखत होत्या. पुरुष लालबाग-परळच्या चाळींत गावकीने भाड्याने घेतलेल्या खोलीत राहत. एका पाळीचा माणूस उठला की दुसऱ्या पाळीचा त्याच जागी आडवा होई. ट्रंक भिंतीशी, जेवण खानावळवालीकडे, गणपती आणि शिमग्याला रजा. गोव्याची माणसे धोबीतलावच्या आसपास कूड नावाच्या सामाईक निवासांत राहत. एकेका गावाची एकेक कूड, आत वेदी, सामुदायिक प्रार्थना, आणि बोटीवर नोकरी मिळेपर्यंत स्वस्तात टेकण्यापुरती जागा. खोली असो वा कूड, गावच्या माणसाला तिथे हक्काने उतरता येई, नोकरीची बातमीही तिथेच लागे. एकाच गावाचे लोक एकाच खात्यात, एकाच बोटकंपनीत का सापडत, याचे उत्तर इथे आहे. पहिला जातो तेव्हा धोका मोठा, दहावा जातो तेव्हा नगण्य. डग्लस मॅसी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोतून अमेरिकेत जाणाऱ्यांमध्ये नेमके हेच पाहिले : मूळ कारण संपले तरी जाळे स्थलांतर चालू ठेवते.

गावाशी असलेली ही नाळ म्हणजे मागासपणा, असा सूर अनेक वर्षे होता. कामगार खरा शहरी झाला नाही, म्हणून तो बेभरवशाचा. १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या व्हिटली कामगार आयोगाने मात्र गावाशी असलेला संबंध तोडू नये, तो नीट बसवून द्यावा असे म्हटले होते. राजनारायण चंदावरकर या इतिहासकाराने पुढे दाखवले की संप लांबला की गावची शेती हाच कामगाराचा आधार असे. मनीऑर्डर मुंबईहून गावी जाई आणि अडचणीच्या दिवसांत तांदळाची गोण उलट्या दिशेने येई. मुंबईतल्या स्थलांतरितांचा बारकाईने अभ्यास के. सी. झकारिया यांनी १९६८च्या आपल्या ग्रंथात केला. पुढे १९९८ मध्ये त्यांनीच एस. इरुदय राजन यांच्यासह केरळात स्थलांतराची मोठी पाहणी सुरू केली आणि ती काही वर्षांच्या अंतराने होत राहिली. बाहेरून येणारा पैसा, एकट्या राहणाऱ्या बायका, परतलेली माणसे यांच्याविषयी केरळला आज जे माहीत आहे, ते महाराष्ट्राला स्वतःविषयी माहीत नाही.

इथवर निर्णय घराचा होता. तो दुसऱ्याने घेतला तर त्याला विस्थापन म्हणतात. मुळशीच्या खोऱ्यात टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात पुढे होते, आणि धरण तरीही झाले. पुढे कोयना धरणाने मुंबईच्या कारखान्यांना वीज दिली आणि खोऱ्यातल्या गावांना उठवले. सरदार सरोवराने आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावे बाधित केली. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये केला, देशात बराच लवकर. पण कायदा जमिनीला जमीन मोजतो. डोंगरउतारावरची नाचणी, जंगलातला मोह, भावकी, देवराई यांना त्यात दर नाही. परतीची वाट पाण्याखाली गेलेली असते, आणि नवा पत्ता हाच एकुलता पत्ता उरतो.

सीमा आखली गेली की शब्द आणखी काटेकोर होतात. १९४७च्या फाळणीत सव्वा ते दीड कोटी माणसे इकडून तिकडे झाली. १९५१च्या जनगणनेत भारतात ७३ लाखांच्या आसपास विस्थापित नोंदले गेले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबे उतरली आणि तिथे उल्हासनगर उभे राहिले. १९५१च्याच आंतरराष्ट्रीय करारात निर्वासित म्हणजे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे होणाऱ्या छळाच्या रास्त भीतीने देशाबाहेर असलेली व्यक्ती, अशी व्याख्या झाली. दुष्काळ आणि पूर त्या व्याख्येत नाहीत, आणि देशाच्या आत पळालेलाही त्यात नाही. भारताने या करारावर सही केलेली नाही. स्वेच्छेने गेलेला आणि सक्तीने गेलेला असे दोन कप्पे करणे म्हणूनच धोक्याचे आहे. उचल घेऊन फडात गेलेला स्वेच्छेने गेला की सक्तीने? मधला पट्टा फार रुंद आहे, आणि बहुतेक माणसे त्यातच आहेत.

रेव्हेनस्टाइनचा उलटा प्रवाह शांतपणे वाहतो तोवर दिसत नाही. संकटात तो एकदम डोळ्यांत भरतो. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही महिन्यांत आठ लाखांवर वस्तीच्या शहरातून निम्म्याच्या आसपास लोक निघून गेले. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. संप लांबत गेला तसे कितीतरी जण कोकणात आणि घाटावर परतले, काही कायमचेच. मार्च २०२०च्या टाळेबंदीत मुंबई, पुणे, सुरत येथून माणसे पायी निघाली. जालन्याहून मध्य प्रदेशाकडे निघालेले १६ मजूर ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली गेले. श्रमिक विशेष गाड्या १ मेपासून सुरू झाल्या होत्या आणि त्यांनी पुढे ६० लाखांहून अधिक लोकांना नेले. सरकारला या लोकांची संख्या अचूक माहीत नव्हती. तरी २०१६-१७च्या आर्थिक पाहणीत रेल्वेप्रवाशांच्या आकड्यांवरून दर वर्षी सुमारे ९० लाख लोक कामासाठी राज्ये ओलांडतात असा अंदाज दिलेला होता. आकडा छापलेला होता. तो गृहीत धरून टाळेबंदी आखली गेली नाही.

परदेशी गेलेल्यांची चर्चा आपल्याकडे नेहमी अधिक होते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जन्मदेशाबाहेर राहणारे लोक ३० कोटींच्या वर होते, जगाच्या ३.७ टक्के. भारताच्या आतल्या हालचालीपुढे हा आकडा लहान आहे. तरी मराठी माणसाच्या बाबतीत परदेशी जाण्याचा इतिहास लहान नाही. करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसच्या उसात गेलेली मराठी कुटुंबे, रायगड-रत्नागिरीतून आखातात गेलेले मुसलमान, अलिबागच्या परिसरातून इस्रायलला गेलेले बेने इस्रायल. त्यांनी इस्रायलमध्ये ‘मायबोली’ नावाचे मराठी मासिक चालवले. करारबद्ध मजुराला परतीचे भाडे मिळण्याची तरतूद अनेक करारांत होती आणि तरी पुष्कळ जण परतले नाहीत. आखातातल्याला नागरिकत्व मिळत नाही म्हणून परतणे भागच असते. परतीचा नियम कोण लिहितो यावर दोन पिढ्यांनंतरची ओळख ठरते.

आलेल्यांविषयीचा राग हाही या विषयाचाच भाग. १९६६ मध्ये शिवसेनेची स्थापना झाली ती स्थानिक मराठी तरुणाच्या नोकरीच्या प्रश्नावर. ज्या शहरातले बहुसंख्य लोक पन्नास वर्षांपूर्वी बाहेर जन्मलेले होते, तिथे स्थानिक कोण हे ठरवायचे होते. मायरन वायनरने १९७८च्या आपल्या ग्रंथात आसाम, छोटा नागपूर आणि हैदराबाद येथले असेच संघर्ष अभ्यासले. संविधानाचे १९वे कलम देशात कुठेही फिरण्याचा आणि राहण्याचा हक्क देते. आलेला माणूस किती वर्षांनी इथला होतो, हे कोणतेच कलम सांगत नाही.

पुढच्या प्रकरणांचा क्रम याच वळणांनी जातो : मोजणी, काळ, कारणे, जाळी, सक्ती, परतणे, आणि शेवटी कायदा. विद्यार्थ्याने तो क्रमाने वाचावा. पत्रकाराने किंवा कार्यकर्त्याने शेवटून सुरुवात केली तरी चालेल. प्रत्येक संकल्पनेला मात्र तीन प्रश्न विचारावेत. जाण्याचा निर्णय कोणाचा होता? परतीची वाट कोणाच्या हातात आहे? आणि माणूस हलला तेव्हा त्याचे कोणते हक्क त्याच्याबरोबर हलले?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडेफार बदलते आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण अशा जोड्यांत रेशनकार्ड एकमेकांकडे चालू लागले आणि पुढे ती सोय देशभर गेली. मत मात्र अजून जिथे नाव नोंदलेले तिथेच, म्हणजे बहुधा गावीच, द्यावे लागते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी फडाजवळ साखरशाळा काढून पाहिल्या, मग गावातच हंगामी वसतिगृहे आली. मूल आईबरोबर जाईल की शाळेजवळ राहील, यातले एक निवडणे चुकलेले नाही. कामगाराच्या संरक्षणासाठी १९७९ मध्ये संसदेने कायदा केला तो आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी. २०२०च्या श्रमसंहितेने मुकादमाशिवाय स्वतःहून आलेल्यालाही व्याख्येत घेतले. राज्याची सीमा ओलांडण्याची अट तशीच ठेवली. त्यामुळे शिरूर कासारची बाई कागलच्या फडात ऊस तोडते तेव्हा तीनशे किलोमीटर येऊनही या व्याख्येत बसत नाही, आणि तीच टोळी सीमेपलीकडे निपाणीला गेली की बसते. ऊस तोच, कोयता तोच, मुकादमही तोच. स्थलांतराच्या व्याख्या घासूनपुसून पाहण्याचा हा सारा खटाटोप एवढ्यासाठी आहे की व्याख्येची रेघ जिथे पडते, तिथे कुणाच्या तरी हक्काची हद्द संपते.